साठीनंतर दारी आलेली फियाट

वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारी

प्रश्न : मी नागपुरात धरमपेठेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. तिसरीत असताना मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा आमच्या वाड्यात येणाऱ्या डॉक्टरांनी मला आपल्या फिकट निळ्या फियाटच्या मागच्या बाकावर झोपवून मेयो रुग्णालयात नेले. त्या तापातले मला रेक्झिनचा गार स्पर्श आणि पुढच्या त्रिकोणी काचेतून येणारा वारा एवढेच आठवते. ती गाडी तेव्हापासून मनात होती. पण बहिणींची लग्ने, घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे यांत ती इच्छा बोलून दाखवण्याचेही धाडस झाले नाही. यंदा दिवाळीनंतर अमरावतीच्या एका कुटुंबाकडून मी 1968 सालची फियाट 1100 डिलाइट घेतली आणि तळेगाव, कारंजा, कोंढाळी या वाटेने स्वतः चालवत घरी आणली. पहिल्या रात्री तीनदा उठून, खाली जाऊन मी ती पाहून आलो. आता मुलगा म्हणतो की नव्या गाडीचे इंजिन आणि एसी बसवून घ्या. मेकॅनिकचेही तेच मत आहे. एक स्नेही सांगतात की ‘व्हिंटेज’ नोंदणी करून गाडी झाकून ठेवा, तिची किंमत वाढेल. नागपूरच्या उन्हाळ्याची मला भीती वाटते. आणि खरे सांगायचे तर निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूचा या वयात इतका आनंद व्हावा, याचा थोडा संकोचही वाटतो. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपण शेवटी लिहिलेल्या संकोचाविषयी आधी लिहितो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. आपली गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झाली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभी केलेली ही कंपनी इटलीच्या फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनवत असे; पुढे 1970 च्या दशकात या गाडीलाच प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी अशी नावे मिळाली. सरकारी परवान्यांच्या त्या काळात गाड्या थोड्या आणि मागणी फार, त्यामुळे पैसे भरून नाव नोंदवल्यावरही लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आपल्या डॉक्टरांनीही बहुधा तशी वाट पाहिली असेल. गाडी दारात आल्यावर शेजारी जमत, चाकांखाली लिंबू ठेवले जाई, आणि पहिली फेरी टेकडीच्या गणपतीला होत असे. त्या लोकांनी आपला आनंद कोणापासून लपवला नाही, मग त्यांच्याहून कितीतरी अधिक वर्षे वाट पाहिलेल्या आपण तो का लपवावा? घरातल्या कोणाच्या गरजेला हात न लावता आपण हे पैसे खर्च केले आहेत, हे पत्रातून स्पष्ट दिसते. रात्री तीनदा उठून गाडी पाहणारा माणूस मला पूर्ण समजतो आणि त्याचे मनापासून अभिनंदन करावेसे वाटते.

आता इंजिनाविषयी. कृपया ते बदलू नका. हे मी स्वतःच्या पश्चात्तापातून लिहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे याच घराण्यातली एक पद्मिनी होती आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून एका गॅरेजच्या सल्ल्याने मी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. इंधनाचा खर्च निम्म्यावर आला. परंतु दीड वर्षात इंजिन जिथे बसवलेले असते त्या माउंटिंगजवळ पत्र्याला भेगा पडल्या, दारे नीट लागेनाशी झाली आणि मूळ इंजिन तोपर्यंत भंगारात गेलेले होते. याचे कारण गाडीच्या बांधणीतच आहे. या फियाटला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चॅसिस, म्हणजे खालची भक्कम चौकट, नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि छत मिळून एकच सांगाडा होतो आणि तो 1089 सीसीच्या हलक्या, मऊ चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा भार गृहीत धरून आखलेला आहे. जड इंजिनाचे हादरे तो फार काळ सोसत नाही. शिवाय इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, त्यामुळे असा बदल परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. एसीसाठीही मूळ इंजिनाची ताकद पुरेशी नाही. त्या त्रिकोणी काचा पूर्ण फिरवून वारा थेट छातीवर घ्यावा, अशीच या गाडीची योजना आहे, आणि आपल्या आठवणीतला वारा तोच तर आहे.

पत्रा हाच गाडीचा सांगाडा असल्याने रंगापेक्षा आधी गंज पाहावा. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा आणि डिकीतील स्टेपनीची जागा येथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जावे. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी गंजावर लांबी (पुट्टी) भरून वर चकचकीत रंग मारून देतात. अशी गाडी दोन पावसाळ्यांत आतून पोकळ होते, म्हणून काम चालू असताना समोर उभे राहावे.

व्हिंटेज नोंदणीबाबत आपल्या स्नेह्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, चॅसिस, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ हा दर्जा मिळू लागला. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. ज्या गाडीचा जुना क्रमांक नोंदणीत आहे, तिला तो कायम ठेवता येतो. आपली गाडी वयाने या दर्जाला पात्र आहे. परंतु अशी नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, तसेच इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच ती बाहेर काढण्याची परवानगी आहे. आपल्याला पत्नीसह पहाटे फुटाळा तलावावर जायचे असेल, नातवाला रामटेक दाखवायचे असेल, तर ही नोंदणी आपल्या उपयोगाची नाही. माझे स्पष्ट मत असे की आपण साधी नोंदणीच चालू ठेवावी. त्यासाठी नमुना 29 व 30 भरून मालकी आपल्या नावावर करून घ्यावी, दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे आणि पर्यावरण कर, विमा व पीयूसी वेळेवर भरावेत. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीच्या बातम्या वाचून घाबरू नये. ती मर्यादा दिल्ली परिसरापुरती आहे, नागपुरात नाही.

झाकून ठेवण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही, आणि केवळ भावनेपोटी मी असे म्हणत नाही. उभ्या गाडीचे ब्रेकचे सिलिंडर अडकतात, पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकट थर बसतो, रबरी सील सुकतात, टायर एकाच जागी दबतात आणि बॅटरी मरते. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालणारी फियाट वर्षानुवर्षे ठणठणीत राहते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे, आणि पावसात साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवून घ्यावेत. पुढची चाके ज्या खिळीवर वळतात त्या किंगपिनला ग्रीस देण्याचे काम आजकालची मुले विसरतात. गॅरेजमध्ये ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) बोटाने दाखवून ते करून घ्यावे, कारण किंगपिन कोरडे पडले की स्टिअरिंग जड होते आणि पुढे चाक डगमगू लागते. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा. स्टिअरिंगवरच्या हँडगिअरची सवय आपल्याला अमरावतीहून येतानाच झाली असेल.

उन्हाळ्याची भीती मात्र रास्त आहे. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि वर्धा मार्गावरच्या सिग्नलला उभी असलेली फियाट अचानक बंद पडून पुन्हा सुरूच होत नाही, असा अनुभव जवळजवळ प्रत्येक मालकाला येतो. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक असून इंजिनालाच जोडलेला असतो. बॉनेटखालच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. अशा वेळी स्टार्टर मारत राहून बॅटरी संपवू नये. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडावे, पंपावर आणि नळीवर ओला रुमाल ठेवावा व दहा-पंधरा मिनिटे सावलीत बसावे. गाडी आपोआप सुरू होते. रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. फेब्रुवारी संपण्यापूर्वी रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्या आतून साफ करून घ्याव्यात, कारण बोअरच्या जड पाण्याने त्यांत क्षार बसलेले असतात. नंतर त्यात साधे पाणी न भरता कूलंट भरावे. फॅन बेल्ट व रबरी होज नवे घालावेत. एप्रिल-मेमध्ये गाडी पहाटेच काढावी. साडेपाच वाजता सेमिनरी हिल्सच्या झाडीतून जाताना तिचे इंजिन किती शांत, किती सुखाने चालते, हे आपल्याला स्वतःच ऐकायला मिळेल.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी आजोबांची 1982 सालची अँबेसेडर कडुलिंबाखाली अकरा वर्षे उभी आहे. आजोबा गेले. मला ती पुन्हा चालू करायची आहे. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारला तर चालेल का?

उत्तर : ताई, कृपया तसे करू नका, पहिल्याच प्रयत्नात इंजिनाचे नुकसान होऊ शकते. आधी टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकी धुऊन घ्या आणि कार्ब्युरेटर खोलून साफ करवा. मग चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींना चिकटलेल्या पिस्टन रिंग मोकळ्या होतील. त्यानंतर प्लग बाहेरच ठेवून इंजिन हाताने फिरवावे. गाडीसोबत लोखंडी हँडल असेल तर त्याने, नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलून. ते सहज फिरले की नवे ऑइल व फिल्टर घालून मगच स्टार्टरचा विचार करावा. त्याआधी वायरिंग इंच-इंच तपासावे, कारण इतकी वर्षे उभ्या गाडीत उंदरांनी तारा कुरतडलेल्या असण्याची शक्यता मोठी असते आणि आगीचा धोका तेथूनच उद्भवतो. इंजिन सुरू झाले तरी ब्रेकचे सर्व सिलिंडर आणि होज बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नका. टायर कितीही चांगले दिसले तरी बदला.

कागदपत्रांत, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर वाहन करण्यासाठी नमुना 31 असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. व्हिंटेज दर्जा आपल्या गाडीला 2032 पूर्वी मिळू शकत नाही. गाडीच्या कप्प्यात आजोबांच्या हातची सर्व्हिसिंगची वही सापडली, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ती जपून ठेवा आणि पुढची नोंद त्याच वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली करा.

प्रश्न : पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. माझ्या 1974 च्या गाडीला ते चालेल का? (एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : चालेल, पण काही भाग बदलावे लागतील. इथेनॉलने जुन्या प्रकारचे रबर फुगते व तडकते, म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या, पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि कार्ब्युरेटरची सील इथेनॉल सोसणाऱ्या, व्हिटॉनसारख्या रबराची घालावीत. या इंधनावर पेट्रोल-हवेचे मिश्रण थोडे विरळ होते. गाडी गरम होत असेल किंवा वेग घेताना अडखळत असेल, तर जाणत्या कारागिराकडून कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल येण्याचे बारीक छिद्र) किंचित मोठा करून घ्यावा. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर गाडी चालणार नसेल तर टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवावी आणि परत काढल्यावर पेट्रोल फिल्टरच्या काचेत पाण्याचा थेंब दिसतो का, हे पाहावे. फिल्टर पारदर्शक काचेचाच बसवून घ्यावा.