१ एप्रिल १९५७, अमळनेर: पाडवा, नवे पैसे आणि पैशाचा गूळ

तुम्ही विचारलंय, "१९५०च्या दशकात एक साधा दिवस कसा जायचा? भाव काय होते, करमणूक काय, पेपरात काय यायचं? कुणी स्वतः पाहिलं असेल तर सांगा."

मी पाहिलंय. सगळं दशक सांगायला बसलो तर तुम्हीही कंटाळाल आणि मीही, म्हणून एकच दिवस सांगतो. सोमवार, १ एप्रिल १९५७. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशात नवे पैसे सुरू झाले. मी दहा वर्षांचा. अमळनेरच्या बाजारात वडिलांचं, म्हणजे नानांचं, दोन फळ्यांचं किराणा दुकान. आमच्या जळगाव जिल्ह्याला तेव्हा पूर्व खानदेश म्हणायचे, आणि राज्य होतं मुंबई. गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण.

गंमत म्हणजे सरकारने दहाच दिवसांपूर्वी, २२ मार्चला, स्वतःचं राष्ट्रीय पंचांगही सुरू केलं होतं. त्यामुळे १८७९ हा शक त्या साली दोनदा लागला, एकदा दिल्लीत आणि एकदा आमच्या ओट्यावर.

सकाळी गुढी, कडुनिंब, साखरेचे हार-कंगन. आईने खापर चुलीवर चढवलेलं. खापरावरची पुरणपोळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ती लाटत नाहीत, हातावर फिरवून फिरवून वाढवतात आणि मग उपड्या खापरावर टाकतात. आकार आजच्या ताटात मावणार नाही. सोबत रशी (म्हणजे झणझणीत आमटी), भजी, कुरडया. ऊन मात्र सकाळी नऊपासूनच आपलं खानदेशी. घरात वीज नव्हती, पंख्याचा प्रश्नच नाही. रात्री अंगणात बाजा, म्हणजे खाटा, टाकून झोपायचं.

सणाचा दिवस म्हणून दुकान जेवणापर्यंत उघडं होतं. तिथेच मला पहिला नवा पैसा दिसला. जळगावहून पॅसेंजरने आलेल्या एका पाहुण्याला तिकिटाच्या खिडकीवर सुट्टे म्हणून मिळाला होता. रेल्वे आणि टपालाने त्याच दिवसापासून नवा हिशोब धरला होता ना. शर्टाच्या गुंडीएवढं तांबूस नाणं, लखलखीत, वर लिहिलेलं 'रुपये का सौवां भाग'. आमच्या आजीने तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "हाऊ पैसा शे का गुंडी?"

तिचंही बरोबर होतं. तिने आयुष्यभर ढब्बू पैसा पाहिलेला, हातात घेतला की वजन कळायचं. आम्हा पोरांना भोकाचा पैसा आवडायचा, कारण तो दोऱ्यात ओवून करगोट्याला बांधता यायचा. स्वराज्यानंतर घोड्याचं चित्र असलेला पैसा आला. तीन पैचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, सोळा आण्यांचा रुपया. रुपयाचे चौसष्ट पैसे. त्याचे एकदम शंभर झाले. शाळेत आम्ही अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीपर्यंत घोकलेली; औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हा सगळा माल एका रात्रीत अडगळीत जाणार, असं गुरुजी म्हणाले तेव्हा त्यांना आनंद झाला होता की दुःख, कोण जाणे. आम्हाला आनंदच झाला.

आता भावांकडे येतो. तुमचा खरा रोख तिकडेच असणार.

मोबाइलवर एक चित्र फिरतं: 'तेव्हा सोनं नव्वद रुपये!' आणि खाली हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. दहा ग्रॅमला तेवढं होतंच, तोळा शंभरीच्या आसपास. पण सोन्यावरून काहीच कळत नाही, कारण ते घेणारे तेव्हाही थोडे आणि आताही थोडेच. साखरेवरून बघा. आमच्या दुकानात साखर रुपयाला शेरभर म्हणावी अशी, फार तर आणा-दोन आणे कमी. शेर म्हणजे ८० तोळे, किलोला थोडा कमी. किलो तेव्हा दुकानात आलाच नव्हता, वजनं नंतर बदलली. आणि मजुरी? देशभरात शेतमजुरांची दुसरी सरकारी चौकशी १९५६-५७ साली झाली. तिच्यात पुरुषाची रोजची सरासरी मजुरी निघाली ९६ नवे पैसे आणि बाईची ५९. सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या चौकशीत पुरुषाची १०९ होती, म्हणजे वाढायची सोडून खाली आली होती. आमच्याकडे कपाशी निंदणाऱ्या बाया काही त्याहून वेगळं कमवत नसणार. दिवसभर उन्हात वाकून अर्ध्या शेराहून जरा जास्त साखर. मीठ-मिरची-ज्वारी वेगळी. आज रोजाने जाणारी बाई एका दिवसात किती किलो साखर घेऊ शकते, तो भागाकार करून पाहा आणि मग त्या चित्राला हात जोडा.

म्हणून साखर कुणी शेराने घेत नसे. छटाक, म्हणजे शेराचा सोळावा भाग घ्यायचे, तीही पाहुणा आला तर. एरवी चहा गुळाचा. गूळ, तेल, हळद हे सगळं पैशा-दोन पैशांचं घ्यायचं. बाई पदराची गाठ सोडायची, एक पैसा फळीवर ठेवायची आणि नाना कागदाच्या तुकड्यावर गुळाचा खडा द्यायचे. घासलेटला बाटली घरून.

आणि इथेच नव्या पैशाने घोळ केला. सरकारने तक्ता काढला होता. तो पुठ्ठ्यावर चिकटवून नानांनी तागडीच्या वर टांगला होता. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. खरा आणा सव्वासहाचा, पण पाव पैसा कुठून आणणार? आम्ही पोरांनी हे लगेच हेरलं. चार आण्यांचा माल एकदम घेतला तर २५ द्यायचे, आण्या-आण्याने चारदा घेतला तर २४! मी आणि शेजारचा एक मित्र, आम्ही दोघांनी ह्या युक्तीवर आठवडाभर गोळ्या खाल्ल्या.

पण त्याच तक्त्याच्या वरच्या ओळीकडे कुणी बघत नव्हतं. जुना एक पैसा म्हणजे २ नवे पैसे. हिशोबाने तो दीडहून जरासाच जास्त, तक्त्यात मात्र पुरे दोन. आण्याचा गूळ एकदम घेतला तर सहा पडतात, आणि पैशा-पैशाने चार वेळा घेतला तर आठ. म्हणजे आणेवाल्याचा फायदा आणि पैसेवाल्याचा तोटा. रुपयाचा माल पैशा-पैशाने घेणाऱ्याला चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस पडणार.

हे आजीने पकडलं. ती कधी शाळेत गेली नव्हती. दुकानाच्या आतल्या उंबऱ्यावर बसून ती म्हणाली, "गरिबले जास्ती पडी ऱ्हायनं रे." नाना आधी उखडले, तक्ता सरकारचा आहे म्हणाले. मग त्यांनी बायांना सांगून पाहिलं, ताई, आण्याचं एकदम नेत जा, स्वस्त पडेल. ते त्यांना पटायचंही. पण आणा एकदम हातात असता तर त्यांनी तो आधीच नेला नसता का? शेवटी नवे दोन पैसे देणाऱ्या बाईला नाना गुळाचा खडा जरा मोठा तोडायला लागले. जुना पैसा देणारीला नेहमीचा. तराजूवर नाही, अंदाजाने. मोठी धर्मादाय वृत्ती वगैरे नव्हती हो, आजी मागे बसलेली असायची.

सगळे दुकानदार असा विचार करत नव्हते. आमच्या चौकातल्या एका हॉटेलात चहाचा कप आण्याला होता, तो सहा व्हायच्या ऐवजी सात नव्या पैशांचा झाला. 'पाव पैसा तुम्ही देणार का?' असा उलटा सवाल. टपालाचं बरं होतं, छापील असल्यामुळे भांडण नाही: नऊ पैचं कार्ड पाच नव्या पैशांचं झालं. तिकिटंही नवी आली, भारताच्या नकाशाची.

अमळनेरच्याच कारखान्याचा ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण आमच्या फळीवर असायचा, आणि सनफ्लॉवर वनस्पतीचे डबे. त्या कंपनीचे शेअर घ्या म्हणून गावात लोकांना सांगत, तेव्हा नाना म्हणाले होते, "कागद घेऊन काय त्याच्या पुड्या बांधू?" ती कंपनी पुढे विप्रो झाली. आमच्या घरात हा विषय आजही कुणी काढत नाही.

बातम्यांचं म्हणाल तर घरी पेपर येत नव्हता. मुंबईचा पेपर गाडीने यायचा आणि वाचनालयात एकाने मोठ्याने वाचायचा, पाच जणांनी ऐकायचा. त्या दिवसांत चर्चा एकच, नुकत्याच झालेल्या निवडणुकीची. पूर्व खानदेशातून मुंबईचे पारशी वकील नौशेर भरुचा लोकसभेवर गेले होते आणि धुळ्याहून जनसंघाचे उत्तमराव पाटील. काँग्रेसच्या बैलजोडीशिवाय दुसरं काही माहीत नसलेल्या भागात हे घडलं, त्यामुळे ओट्याओट्यावर संयुक्त महाराष्ट्राचा वाद रंगायचा. केरळात कम्युनिस्टांचं सरकार येणार हेही बोललं जात होतं. ते चारच दिवसांनी आलं.

करमणूक सोमवारी काय असणार? हॉटेलातला रेडिओ, एवढंच. बिनाका गीतमाला हा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम बुधवारी रात्री आठला, रेडिओ सिलोनवरून. त्या दिवशी बाहेर उभ्या लोकांनी रस्ता अडायचा. विविध भारती अजून सुरू झाली नव्हती, ती त्याच साली ऑक्टोबरात आली. तोवर आकाशवाणीवर सिनेमाची गाणी ऐकायला मिळणं मुश्कील, म्हणून सगळे सिलोन लावायचे. उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा. खाली वाळूत बसायचं, मध्येच रीळ तुटलं की शिट्ट्या. चैत्रात आजूबाजूच्या जत्रांतून तमाशे, रात्री डफावर वही गायन, म्हणजे आमची खानदेशी लोकगीतं. आणि वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरायची, ती तर आमची वर्षाची खरी करमणूक. बायांचा ओढा आखाजीकडे, म्हणजे अक्षय्य तृतीयेकडे. ती त्या साली २ मेला होती, माहेरी जायचे बेत पाडव्यालाच सुरू झालेले.

रात्री दिव्याजवळ नानांनी गल्ला उपडा केला. जुनी नाणी एका ढिगात, नवी दुसऱ्या ढिगात. नवी जेमतेम पाच-सहा होती. दोन्ही मिळून हिशोब काही केल्या जुळेना, तेव्हा त्यांनी नवी नाणी उचलून वेगळ्या डबीत टाकली आणि वही पुढे ओढली. वहीत दिवाळीपर्यंत त्यांनी रुपये, आणे, पै असेच तीन रकाने आखले.