आधी आईजवळ बस

विस्थापितांच्या छावणीत लहान मुलांच्या विकासाची पाहणी करायला पहिल्यांदाच निघालीस, म्हणून सांगते. रेशनच्या रांगेतली आई कशालाही ‘हो’ म्हणते; नाही म्हटलं तर धान्य बंद होईल ही धास्ती. ती संमती नव्हे! तिला रांगेबाहेर भेट, नकाराने काहीच थांबणार नाही हे नीट सांग.

चाचणीसाठी पुढे ठेवलेल्या ठोकळ्यांना मूल हातही लावणार नाही, आईचा कपडा मुठीत धरून बसेल. लगेच ‘विकासात मागे पडलेलं’ लिहू नकोस, पुन्हा जा.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी 2018 साली मांडलेल्या संगोपनाच्या चौकटीत आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकणं आणि मुलाला प्रतिसाद देणं असे पाच घटक आहेत. संकटात प्रतिसादच आधी आटतो, असं मला वाटतं. थकलेली आई प्रतिसाद कुठून देणार? म्हणून तिला झोप मिळते का, तेही विचार.

आणि नातेवाइकांचे नंबर घेऊन ठेव. कुटुंबं रातोरात हलतात.