अवधाण आणि अवधान

देवगडच्या एका ताईंनी विचारलंय: महामार्गावरच्या सरबताच्या दुकानांवर 'प्रतिकारशक्ती वाढवणारं कोकम' असं लिहिलेलं असतं, आरोग्य केंद्रातल्या तक्त्यावर 'रोगप्रतिकारक्षमता' असतं, घरातली मुलं 'इम्युनिटी' म्हणतात. यातलं बरोबर कुठलं? आणि आपल्या बोलीत यासाठी जुना शब्द नव्हताच का?

पहिल्याचं उत्तर चटकन देतो. रोगप्रतिकारक्षमता लिहा. 'शक्ती' व्याकरणाने चुकीचा नाही, पण त्या शब्दाने फार गैरसमज पसरवलाय. शक्ती म्हटली की माणूस ती वाढवायला निघतो, काढे उकळतो, पुड्या विकत घेतो. शरीर जंतूला हरवतं ते जोरापेक्षा ओळखीवर. ओळख चुकली की हीच यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उठते. संधिवाताचे काही प्रकार त्यातूनच होतात. तिथे कुणी 'शक्ती वाढवा' म्हणेल का? 'इम्युनिटी'च्या मुळाशी लॅटिन 'इम्युनिस' आहे, म्हणजे सार्वजनिक सेवेतून किंवा करातून सूट मिळालेला. आपल्याकडे सारामाफी म्हणत तसलीच ती माफी. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी मुद्दाम लिहायला बसलोय. नेमका त्या क्षमतेला नव्हे, पण ती कामाला लागल्याची जी खूण अंगावर दिसते तिला शब्द होता, आहे, आणि आपण तो हातचा घालवतोय: अवधाण.

हल्ली गावात आलेल्या चाकरमान्यांच्या तोंडून ऐकतो, "जांघेत लिम्फ नोड झालाय." अहो, लिम्फ नोड, म्हणजे जंतू अडवणारी छोटी लसिकाग्रंथी, होत नाही. तो जन्मापासून असतो. जांघेत, काखेत, मानेत, पोटात, असे शेकड्यांनी असतात. तो सुजतो, हाताला लागतो, दुखतो, तेव्हा त्याला अवधाण म्हणतात. "अवधाण आलं" म्हणायचं, "झालं" नव्हे. आमच्या आजीला जांघेत दुखतंय म्हणून सांगितलं की ती जांघ बघायचीच नाही. "अवधाण इला? पाय दाखय बघया," म्हणायची. आणि पायाला काहीतरी असायचंच. ओहोटीला कालवं काढताना लागलेली शिंपल्याची धार, नाहीतर लावणीच्या चिखलात रुतलेला काटा.

या शब्दाचं मोल तिथेच आहे. नुसत्या गाठीला कुणी अवधाण म्हणत नाही. गाठ स्वतःची असते, अवधाण दुसऱ्या कशाचं तरी असतं. पायाच्या जखमेचं अवधाण जांघेत, बोटाच्या जखमेचं काखेत.

आता व्युत्पत्ती. संस्कृत 'अवधान' म्हणजे लक्ष. अव अधिक धा, मन एका ठिकाणी ठेवणं. ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागतात ते हेच अवधान. लग्नात अंतरपाटापुढे भटजी 'सावधान' म्हणतात तो 'स-अवधान', लक्ष देऊन असा. माझं ठाम मत आहे की अंतरपाटापुढचा तो शब्द आणि जांघेतली ही गाठ एकाच घरचे. पायाला लागलं, त्याकडे शरीराने लक्ष दिलं, ते लक्ष जिथे दिसतं ते अवधाण.

आणि शरीरात घडतं तेही पाहा. कालवाच्या धारेतून जंतू आत शिरले की काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली फळी जखमेवर पोचते. जागा लाल होते, तापते, ठणकते. पू होतो तो बहुतांशी याच पेशींच्या मढ्यांचा. ही फळी समोर येईल त्या जंतूवर तुटून पडते, त्याची खास ओळख ठेवत नाही. पण तिथल्याच डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ग्रंथींना जोडणाऱ्या बारीक नळ्यांतून, वर जांघेतल्या ग्रंथीत नेऊन दाखवतात. तिथे टी आणि बी नावाच्या लाखो पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीला एखादाच आकार ओळखता येतो. जिचा आकार जुळतो ती थांबते, वाढते, एकीच्या हजारो होतात. ग्रंथी सुजते ती मुख्यतः या गर्दीने. त्या जंतूला चिकटणारी नेमकी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, रक्तात यायला साधारण आठवडा लागतो. नंतर त्यातल्या काही पेशी आठवण धरून राहतात, आणि तोच जंतू पुन्हा आला तर हा आठवडा बराच कमी होतो. लक्ष देणं, ओळखणं, लक्षात ठेवणं, सगळं त्या गाठीत. ज्यांनी शब्द घडवला त्यांना पेशी ठाऊक नव्हत्या, मान्य. पण पायाचं दुखणं जांघेला कळतं हे त्यांनी पक्कं पाहिलं होतं.

यावर एक निवृत्त प्राध्यापक मला दोनदा बजावून गेलेत की लक्षाशी याचा काही संबंध नाही; 'अव' म्हणजे खाली, 'धान' म्हणजे ठेवणं, जखमेतला दोष खाली उतरून साठतो म्हणून अवधान. मी त्यांना विचारलं, तळपायापासून जांघ खाली कधी झाली? बोटापासून काख? अवधाण जखमेच्या वर, धडाच्या बाजूला येतं. शरीराकडे न बघता नुसत्या उपसर्गावरून अर्थ काढला की असं होतं.

त्यांचा दुसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे. प्राकृतातून आलेल्या शब्दात दोन स्वरांमधल्या 'ध'चा 'ह' होतो: दधि, दही. मग 'अवहाण' का नाही? माझं म्हणणं, हा शब्द वैद्यांच्या तोंडून मागाहून बोलीत उतरला असावा. म्हणून 'ध' टिकला, आणि 'न'चा मात्र 'ण' झाला, पानीयचं पाणी झालं तसा. अर्धतत्सम, म्हणजे संस्कृतातून मागाहून घेतलेल्या आणि थोड्याच बदललेल्या, शब्दांत अशी अर्धी वाट चाललेली रूपं आढळतात.

प्लेगची गाठ मात्र वेगळी ठेवा. 1896 साली मुंबईत साथ आली तेव्हा माणसं भिऊन कोकणात परतली, आणि 'गाठीचा ताप' हे नाव इथे घरोघरी धास्तीने घेतलं गेलं. पिसवा चावल्यावर प्लेगचा जंतू ग्रंथीपर्यंत पोचतो आणि तिथेच वाढतो. ओळख पटवण्याची जागाच तो बळकावतो.

जखम भरली की अवधाण बहुधा आपोआप उतरतं. कुठे जखमच नसेल, किंवा आठवडे लोटले तरी गाठ उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि ताई, लिहिताना या गाठीच्या अवधाणात 'ण' ठेवा. 'न' लिहिलात तर मुद्रितशोधक त्याचं 'लक्ष' करून टाकेल.