‘बायांचा रोज वाढला’ हे चूक कसं?

यवतमाळकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: “गावावर लिहिलेल्या लेखात मी ‘यंदा बायांचा रोज वाढला’ असं लिहिलं. पुण्यातल्या संपादकांनी ‘रोज म्हणजे दररोज’ म्हणून ते खोडलं आणि ‘बायांची रोजंदारी वाढली’ असं केलं. बरोबर काय?”

तुमचं बरोबर. ‘रोज’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ दिवस. पण आपल्याकडे, वऱ्हाडात तर हमखास, तो पुल्लिंगी नाम म्हणून दिवसाच्या मजुरीला वापरतात. दिवसाचं नाव दिवसाच्या दामाला चिकटलं, एवढंच. ‘हप्ता’ म्हणजे आठवडा, पण आज हप्ता म्हटलं की पैसेच डोळ्यांपुढे येतात. ‘त्याला महिना किती?’ यातला महिना कॅलेंडरातला नसतो. आणि गुढीपाडव्याला सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठरतो तेव्हा ‘साल किती घेतलं?’ असंच विचारतात. पेशवाईतल्या शिपायाचा रोजमुरा, म्हणजे पगार, हाही याच गोतातला. संपादकांच्या वाक्याचा घोटाळा असा की ‘रोजंदारी’ म्हणजे नुसती रक्कम नव्हे, पद्धतही. रोजंदारी वाढली म्हणजे सालाने राहणारे कमी झाले आणि रोजाने जाणारे वाढले, असाही अर्थ निघतो. तुम्हाला तो म्हणायचा नव्हता.

पण या शब्दाची खरी गंमत त्याच्या क्रियापदांत आहे. रोज भरतो, बुडतो, पडतो. आणि माणूस तो पाडतोही. ‘रोज पाडून दवाखान्यात गेलो’ म्हणजे मजुरीवर पाणी सोडून गेलो. सालगड्याच्या तोंडी मात्र हे वाक्य येत नाही. तो आला नाही तर त्याचा ‘खाडा’ लागतो. मला हा फरक फार बोलका वाटतो. रोजदाराचा दिवस सकाळपर्यंत त्याचा स्वतःचा असतो, विकायचा की नाही ते तो ठरवतो, म्हणून तो पाडू शकतो. सालगड्याचे सगळे दिवस पाडव्यालाच विकले गेलेले; त्यातला एक कमी भरला की मालकाच्या हिशोबात खड्डा पडतो. अर्थात, चूल पेटायची असेल तर सकाळचा तो निर्णय कितपत मोकळा, हे वेगळं सांगायला नको. मार्क्सने मजुराला ‘दुहेरी अर्थाने मुक्त’ म्हटलं ते याच तिरकसपणे: आपली श्रमशक्ती विकायला मोकळा, आणि जमीन-अवजारांपासूनही मोकळा.

आता ‘रोज पडतो’. इथे पडणे म्हणजे गमावणे नाही, हिशोबाला येणे. निंदण, म्हणजे खुरपणी, रोजाने असतं, पण कापसाची वेचणी किलोवर. निंदणाचं वजन करता येत नाही. तिथे मालक किंवा मालकीण पातीच्या, म्हणजे निंदणाऱ्या बायांच्या रांगेच्या, मागे उभी राहून नजर ठेवते. वेचणीला ती नजर काट्यावर गेली. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काटा टांगला जातो, एकेकीचं गाठोडं आकड्याला लागतं, कोणीतरी वहीत मांडतं. सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो, म्हणून बाया लवकर ओटी बांधायला बघतात आणि मालक ‘ओला हाये’ म्हणून कुरकुरतो. आणि किलोचा भाव आधीच ठरलेला असूनही घरी जाताना एक दुसरीला विचारते, “रोज पडला का वं?”

म्हणजे मोजलं किलोने, पण ताडून पाहिलं दिवसाच्या दामाशी. मार्क्सने 1867 साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावारी मजुरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की नगावर दिलेली मजुरी ही वेळेच्या मजुरीचंच बदललेलं रूप आहे: सरासरी मजूर दिवसात किती नग काढतो ते पाहूनच नगाचा भाव बांधतात. वर नगावारीमुळे देखरेखीची गरजच बरीचशी उरत नाही, हेही त्याने नोंदवलं. धुऱ्यावरच्या त्या चार शब्दांत हे सगळं प्रकरण आलं, असं मी म्हणेन.

तुमच्या वाक्यातल्या ‘बायांचा’ या शब्दाकडेही बघा. गावात ‘माणसाचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ असे दोन भाव बोलले जातात, जणू बाई माणसांत मोडत नाही. समान मोबदल्याचा कायदा 1976 साली झाला, पण भाषेने तो अजून मनावर घेतलेला दिसत नाही. वरून कामंही वाटलेली: डवरा (बैलाची कोळपणी), फवारणी माणसाची, निंदण, वेचणी बाईची. मग ‘काम वेगळं म्हणून रोज वेगळा’ म्हणायला सगळे मोकळे. डोरिंजर आणि पिओरे या अर्थतज्ज्ञांनी 1971 साली अमेरिकेतल्या कारखान्यांकडे बघून श्रमबाजार एक नसून त्याचे कप्पे असतात, अशी मांडणी केली. आपल्याकडे कप्प्यांची नावं षष्ठी विभक्तीत सापडतात.

एक राहिलंच. पाती धरताना ऐकू येणारा ‘तास’ घड्याळातला नव्हे, तो पिकाची ओळ. ‘दोन तास झाले’ म्हणजे दोन ओळी निंदून झाल्या. वेळ कितीही गेलेला असो. घड्याळातल्या तासाला गावात भाव आला तो जेसीबीसारख्या यंत्रांमुळे. ‘जेसीबीचा तास किती?’ असं सर्रास विचारतात, बाईचा तास मात्र कोणी विचारत नाही.

तेव्हा संपादकांना कळवा, ‘रोज’ तसाच राहू द्या. फारच अडले तर ‘रोजाचा दर’ चालेल. ‘रोजंदारी’ नको.