सहा लाखांचा माल भरायचा की रिपेअरिंगचं टेबल लावायचं?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक पालकांचं पत्र आहे. मुलगा जळगावला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला. हातात धरून खेळायचा एक नवा गेमिंग कन्सोल बाजारात येतो आहे आणि कंपनीचा माणूस त्याला जळगावची डीलरशिप देऊ करतो आहे. यंत्राची किंमत ₹४५,०००, नगामागे ₹२,७०० कमिशन. सहा लाख भरायचे, त्यात १२ नग आणि उरलेलं डिपॉझिट. गोलाणी मार्केटमध्ये गाळा बघून झाला आहे. पत्रात लिहिलं आहे, ‘पोऱ्या म्हणतो, हे मशीन आलं का लोक मोबाईलवर गेम खेळणं सोडून देतीन. मले तर हा जुगारच वाटतो. केळीचे पैसे आले आहेत, देऊ का?’

भाऊ, नमस्कार.

आधी जुगाराचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली. कन्सोल त्यात येत नाही. त्यावरचा गेम एकदा विकत घेतात आणि खेळतात. मुलगा वाईट नादाला लागला आहे असं पत्रावरून दिसत नाही. त्याचा हिशेब मात्र कच्चा आहे.

त्याने दोन प्रश्न एकात गुंतवले आहेत. यंत्र चालेल का, हा एक. चाललं तर जळगावात ते विकणाऱ्याच्या हाती काही उरेल का, हा दुसरा. पहिल्याला ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्यालाही ‘हो’ येतंच असं नाही.

अशा यंत्रांना जगात गिऱ्हाईक नक्की आहे. निन्टेन्डोचा स्विच २ हा ५ जून २०२५ ला आला आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त विकला गेला. उलट उदाहरणंही आहेत. नोकियाने २००३ मध्ये फोन आणि गेम एकत्र करून एन-गेज आणला होता. त्यात गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागे. माणूस दुसरा गेम लावायला गेला की फोन बंद! नोकियासारखी नोकिया, तीही तिथे आपटली. तुमच्या मुलाच्या कंपनीचं नाव तर गोलाणीत अजून कोणी ऐकलेलंही नसेल.

भारतात गोष्ट आणखी अवघड आहे. असुसचा आरओजी अ‍ॅलाय हा असाच कन्सोल जुलै २०२३ मध्ये इथे आला तेव्हा किंमत होती ₹६९,९९०. स्टीम डेक हा आणखी एक कन्सोल आणि निन्टेन्डोचा स्विच इथल्या दुकानात दिसतात ते बहुतेक परस्पर आयात केलेले, म्हणजे बिल आणि वॉरंटी दोन्हींची बोंब. चाळीस-पन्नास हजार हातात असले की आपल्याकडचा बाप पोराला लॅपटॉप घेऊन देतो, कारण त्यावर अभ्यासही होतो असं तो समजतो. (होतो की नाही, तो भाग निराळा.) तुमच्या मुलाच्या यंत्राची खरी टक्कर त्या लॅपटॉपशी आहे. शिवाय गेम वेगळे विकत घ्यायचे. स्विच २ चा एक मोठा नवा गेम अमेरिकेत ८० डॉलरला मिळतो. आपल्या पोरांना मोबाईलवर गेम फुकट मिळायची सवय आहे.

म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न गेमचा. कोणते गेम चालतात, कुठून घ्यायचे, रुपयांत किती पडतात? खूप कंपन्या यंत्र जवळपास खर्चात विकतात आणि कमाई गेमच्या विक्रीतून काढतात. गेम विकला जातो ऑनलाइन, त्यात दुकानदाराला दमडी मिळत नाही. पूर्वी सेकंडहँड गेमकार्डांवर दुकानं चालत. आता स्विच २ च्या काही कार्डांत गेम नसतोच, नुसती किल्ली असते, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि मुलाला शेजारी बसवा. कमिशन वजा करून एक नग पडला ₹४२,३०० ला. १२ नगांचे ₹५,०७,६००, म्हणजे ₹९२,४०० डिपॉझिटमध्ये अडकले. गाळ्याचं भाडं १० हजार, मदतीला पोरगा ९ हजार, लाईट आणि नेट ३ हजार धरा. महिन्याला २२ हजार झाले. ₹२,७०० नी भागा, आठच्या वर जातं. म्हणजे महिन्याला नऊ यंत्रं विकली तेव्हा कुठे दुकानाचा खर्च सुटतो, मुलाच्या हातात अजून काही पडलेलं नाही. कंपनीने दिवाळीत ऑनलाइन किंमत चार हजारांनी उतरवली, तर पडून असलेल्या १२ नगांवर ₹४८,००० गेले. ते भरून काढायला आणखी १८ यंत्रं विकावी लागतील. कापलेली केळी आणि शेल्फवरचं इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही थांबत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. फरक एवढाच की उद्याचा भाव काय निघेल याचा तुम्हाला थोडा तरी अंदाज असतो.

गिऱ्हाईक किती आहे ते मुलानेच तपासावं. दोन शनिवार कॉलेजांच्या बाहेर उभं राहून तीस जणांना विचारायचं. ‘हे मशीन घेशील का’ असं मात्र विचारायचं नाही, होकार फुकट असतो. ‘पैसे देऊन शेवटचा गेम कधी घेतलास आणि कितीला’ असं विचारायचं. ज्याने कधीच घेतला नाही त्याचं नाव खोडायचं. उरलेल्यांकडे हजार रुपये बुकिंग मागायचं, यंत्र आलं नाही तर परत या बोलीवर, पावती देऊन. दहा पावत्या फाटल्या तर पुढचं बोलू.

यंत्राबद्दल दोन गोष्टी आपल्या भागासाठी फार महत्त्वाच्या आहेत, आणि विकणारा त्या आपणहून सांगत नाही. एक, बॅटरी. खोक्यावर ५००० एमएएच लिहिलं की पोरं खूश होतात, पण बघायचे असतात वॉट-तास, म्हणजे किती वॉट ओढले तर किती तास चालेल ते. ५००० एमएएचला ३.८५ व्होल्टने गुणलं तर होतात सव्वाएकोणीस वॉट-तास. मोठा गेम खेळताना असलं यंत्र सहज १५ ते २० वॉट ओढतं. म्हणजे तासाभरात चार्जर शोधायची वेळ. हे आजचं नाही. १९९० चा सेगाचा गेम गिअर रंगीत होता, पण सहा सेल काही तासांत खायचा. निन्टेन्डोचा गेम बॉय हिरवट-काळा आणि चार सेलवर त्याहून कितीतरी जास्त वेळ चालणारा. बाजार गेम बॉयने मारला.

दुसरी गोष्ट उन्हाची. स्विचसाठी कंपनीने सांगितलेलं बाहेरचं तापमान आहे ५ ते ३५ अंश, स्टीम डेकसाठी ० ते ३५. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ असतं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. चिप तापली की यंत्र स्वतःच वेग कमी करतं, गेम अडकत चालतो आणि गिऱ्हाईक ‘पीस खराब दिला’ म्हणून दारात. त्यात पंखा हवा ओढतो ती धुळीची. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या लॅपटॉपमधून कापसाचा तंतू नमद्यासारखा निघतो, तसाच यातूनही निघणार.

मुलाचा रोजगार मला दिसतो तो इथे, खराब पीस घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकात.

या यंत्रांत सगळ्यात आधी जाते ती अंगठ्याची काडी. आत कार्बनचा पातळ थर असतो, त्यावर धातूची जीभ घासते. थर झिजला की हात न लावता पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. उपाय म्हणजे काडीचा पूर्ण भाग बदलणं, शक्यतो हॉल इफेक्टचा, कारण तो चुंबकावर चालतो आणि घासत नाही. स्विचच्या जुन्या जॉय-कॉनला, म्हणजे बाजूच्या कंट्रोलरला, वरून तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात. साधा चार पाकळ्यांचा ड्रायव्हर लावला की डोकं झिजतं आणि काम तिथेच अडतं. आतली फ्लॅट केबल सॉकेटमध्ये एका बारीक झडपेखाली असते. झडप नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायची, मग केबल सरकवायची. नवशिका केबल सरळ ओढतो आणि सॉकेट बोर्डावरून उखडतो. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन काडीचं कॅलिब्रेशन करायचं. ते राहिलं तर नवा भागही खराबच वाटतो.

दुसरं नेहमीचं दुखणं चार्जिंगचं. स्विच आणि टाइप-सी चार्जरमध्ये यूएसबी मीटर लावायचा. मूळ चार्जरवर तो १५ व्होल्टवर जायला हवा. ५ व्होल्ट आणि ०.४ अँपिअरवर अडकून बसला तर आधी पोर्टच्या २४ पिना भिंगाखाली बघायच्या. त्या ठीक असतील तर बहुतेक वेळा चार्जिंग सांभाळणारी एम९२टी३६ नावाची चिप गेलेली असते. कारण साधारण एकच, स्वस्तातला डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) किंवा चार्जर. ही चिप हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, काढायला आणि बसवायला हात बसावा लागतो, आणि तो मोबाईलच्या भंगार बोर्डांवर बसतो. पन्नास बोर्ड जाळायची तयारी ठेवावी. फुगलेल्या बॅटरीला लोखंडी चिमटा लावायचा नाही. खाली आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून प्लास्टिकच्या कार्डाने ती सुटी करायची. टेबलाखाली कोरड्या वाळूची बादली हवीच.

हॉट एअर स्टेशन, मायक्रोस्कोप, डीसी सप्लाय, मल्टीमीटर, यूएसबी मीटर, ड्रायव्हरचा संच हे सगळं माझ्या अंदाजाने ४० हजारांच्या आसपास बसतं. सुरुवातीला कन्सोल महिन्याला दोन-तीनच येतील, हे मी लपवत नाही. पण हेच टेबल मोबाईल, लॅपटॉप, ब्लूटूथ स्पीकर, खेळण्यांचे रिमोट सगळ्याला चालतं. आज मोबाईलवर पोट आणि कन्सोलवर नाव, असं चालू द्या. कन्सोल वाढले तर जळगाव, भुसावळ, धुळ्यात ते उघडता येणारी माणसं फार नसतील. डिप्लोमा झाल्यावर सहा महिने एखाद्या चांगल्या टेबलावर बसून काम शिकावं, मग स्वतःचं काउंटर.

डिप्लोमा अर्धवट सोडून गाळा घ्यायचा विचार असेल तर तो आजच काढून टाकायला सांगा. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असतोच. विकतचा प्रोजेक्ट आणण्यापेक्षा त्याने स्वतः छोटा हँडहेल्ड बनवावा. ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा प्रोसेसर), ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा एसपीआय स्क्रीन (एसपीआय म्हणजे बोर्डाकडून स्क्रीनला चित्र पाठवायची तार), आठ बटणं, १८६५० हा चार्ज होणारा लिथियम सेल आणि त्याला टीपी४०५६ चार्जर. अडचण कुठे येईल तेही लिहून ठेवतो. स्क्रीनचं एक पूर्ण चित्र म्हणजे १,५३,६०० बाइट. एसपीआय ४० मेगाहर्ट्झवर चालवली तरी ते पाठवायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ३२ चित्रांच्या वर जाताच येत नाही. म्हणून बदललेला तुकडाच पाठवायला शिकावं लागतं. वाय-फाय सुरू झालं की करंट एकदम उसळतो, व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड रीसेट होतो. पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात, चूक असते सप्लायमध्ये. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एएमएस१११७ रेग्युलेटरला इनपुट साधारण एक व्होल्ट जास्त लागतं, आणि ३.७ व्होल्टच्या सेलवरून ३.३ काढताना तेवढी जागाच नसते. कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे एवढा फरक न मागणारा, रेग्युलेटर लावायचा आणि बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बटण एकदा दाबलं की दोनदा मोजतं, तिथे १०-२० मिलिसेकंद थांबायचं.

एवढं ज्याने स्वतः सोडवलं त्याला मुलाखतीत काय बोलायचं हे शिकवावं लागत नाही. डिप्लोम्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग आहे, जळगावलाच शासकीय महाविद्यालय आहे. गेमकडेच जायचं तर पुण्याकडे बघा. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला होता. तिथे शिरायचा एक दरवाजा टेस्टिंगचा असतो. त्यासाठी गेम खेळता येणं पुरत नाही. कुठे, काय केल्यावर, दहापैकी किती वेळा गडबड झाली हे साध्या इंग्रजीत पायरी-पायरीने लिहिता यावं लागतं. तो रात्री तीन तास खेळतो असं तुम्ही लिहिलंय. त्यातला शेवटचा अर्धा तास हे लिहिण्यात घालवू द्या आणि वही महिन्याने बघा.

‘आत दहा हजार गेम भरलेले’ अशी स्वस्त चिनी यंत्रं आणून विकायचा मोहही त्याला होईल. ते गेम चोरीचे असतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि विकणारा त्यात सापडतो.

कंपनीच्या माणसाचा परत फोन आला तर पैशांचं बोलणं न करता त्याच्याकडे यंत्राच्या लेबलचा फोटो मागा. व्हिडिओ गेमला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा नंबर असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं आणि वस्तूचं नाव येतं. दुसऱ्याच कंपनीचं आलं तर बोलणं तिथेच थांबवा. बरोबर आलं तर कराराची प्रत मागा, आणि त्यात चार ओळी शोधा: किंमत उतरली तर फरक कोण भरणार, न विकलेला माल किती दिवसांत परत घेणार, खोक्यातूनच बंद निघालेला नग किती दिवसांत बदलून देणार, आणि वॉरंटीचं काम कोणत्या गावात होणार. शेवटच्या ओळीत जळगाव रिकामं असेल तर मुलाला सांगा, डीलरशिपऐवजी सर्व्हिस सेंटरचं काम माग. त्याला डिपॉझिट किती लागतं ते विचार, आणि तो आकडा मला कळवा.