लेबलवर चिकटवलेला कागद

प्रश्न : माझे काका १९७४ ते १९७९ या काळात इंग्लंडमध्ये विगनजवळच्या सूतगिरणीत होते. मंगळवार पेठेतील आमच्या घराच्या माळ्यावर त्यांची ग्रामोफोनच्या सात इंची तबकड्यांची पेटी सापडली असून एका तबकडीच्या लेबलवर पांढरा कागद चिकटवलेला आहे. तो काढावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घाई करू नये. विगन कॅसिनो या नृत्यगृहात १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर चालणाऱ्या ‘नॉर्दर्न सोल’च्या (म्हणजे उत्तर इंग्लंडमध्ये नाचासाठी लोकप्रिय झालेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीताच्या) कार्यक्रमांत, साठच्या दशकात अमेरिकेत निघून फारशा न खपलेल्या तबकड्या वाजत, आणि दुसऱ्याकडे नसलेली तबकडी जवळ असणे हीच वाजवणाऱ्याची प्रतिष्ठा असल्यामुळे, प्रतिस्पर्ध्याला गायक कळू नये म्हणून लेबल झाकून खोटे नाव सांगण्याची रीत होती. (आपल्या तालमीतले वस्तादही एक डाव राखूनच ठेवतात!) अमेरिकी गायक फ्रँक विल्सन यांच्या १९६५ मधील अशाच एका दुर्मीळ तबकडीची एक प्रत २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली, अर्थात, तुमच्या पेटीत तसे काही निघण्याची आशा धरू नये. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक भिंगातून वाचल्यास कागदाला हात न लावताही ओळख पटू शकेल. पेटीत टाल्कम पावडर आढळली तर नवल वाटू देऊ नका : लाकडी जमिनीवर गिरक्या घेताना पाय सहज सरकावेत म्हणून नाचणारे ती पसरत असत.