फाल्कन: मस्टँगच्या खाली दडलेली गाडी

तुमचे प्रश्न तीन आहेत. फोर्ड फाल्कन पहिल्याच वर्षी चार लाखांवर खपली, तर अमेरिकेत ती १९७० सालीच का संपली? तीच गाडी ऑस्ट्रेलियात २०१६ पर्यंत कशी टिकली? आणि फोर्डचीच स्पोर्टी गाडी मस्टँग म्हणजे कपडे बदललेली फाल्कन, हे खरं का? तिन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेलबर्नला शिकायला आलो तेव्हा दोन वर्षं रात्रपाळीत मी फाल्कनची टॅक्सी चालवली. या गाडीवर माझा जीव आहे.

सुरुवात १९५८ च्या मंदीपासून करावी लागेल. तोवर अमेरिकन गाड्या दर वर्षी लांब, रुंद आणि क्रोमने मढलेल्या होत चालल्या होत्या. मंदी आली आणि लोक फोक्सवॅगनची बीटल, रेनोची डॉफिन, नाहीतर घरचीच रॅम्बलर घेऊ लागले. १९५९ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर दहा गाड्यांमागे साधारण एक बाहेरून आलेली होती. डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या आणि १९६० च्या मॉडेल-वर्षासाठी तिघींनी आपापली 'कॉम्पॅक्ट' आणली. शेव्हरोलेने कॉर्व्हेअर काढली, इंजिन मागे आणि तेही हवेने थंड होणारं. क्रायस्लरने व्हॅलियंट काढली, एका बाजूला कललेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची. फोर्डच्या फाल्कनमध्ये असं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या मते तिचं सगळं यश इथेच आहे.

फाल्कनमागे रॉबर्ट मॅकनामारा होते. युद्धात अमेरिकन हवाई दलासाठी आकडेमोड करणारी जी तरुण मंडळी १९४६ मध्ये फोर्डमध्ये आली, त्यांतले हे एक. गाडी म्हणजे माणसांना इथून तिथे नेणारं साधन, त्यावर नट्टापट्टा कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. १९५६ च्या फोर्ड गाड्यांत त्यांनी सीट बेल्टचा पर्याय आग्रहाने पुढे केला होता, हेही त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. फाल्कनमध्ये सहा माणसं बसली पाहिजेत, पेट्रोल कमी लागलं पाहिजे आणि दुरुस्ती गल्लीतल्या मेकॅनिकला जमली पाहिजे, एवढंच मागणं होतं. किंमत १,९०० डॉलरच्या थोडी वर, हीटरचे पैसे वेगळे. मात्र 'कॉम्पॅक्ट' या शब्दाने आपली फसगत होते. फाल्कन सुमारे ४.६ मीटर लांब, म्हणजे आपल्या अँबॅसडरपेक्षाही मोठी. अमेरिकेत ती छोटी ठरली, कारण तिच्या शेजारी उभी असलेली नेहमीची फोर्ड जवळजवळ साडेपाच मीटरची होती.

आता इंजिनाबद्दल, कारण पुढची सगळी कथा इंजिनाची आहे. सरळ रांगेत सहा सिलिंडर, १४४ घनइंच, म्हणजे साधारण २.४ लिटर, ९० अश्वशक्ती. ब्लॉकच्या भिंती पातळ ओतलेल्या, त्यामुळे वजन कमी. एरवी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे नेणारी नळी, हा वेगळा भाग असतो आणि तो सिलिंडर हेडवर बोल्टने बसवतात. इथे तो हेडसोबतच एका तुकड्यात ओतला होता. हेडच्या अंगावर एक आडवा ओंडका चिकटावा तसा दिसतो, आणि त्याच्या डोक्यावर एकच छोटा कार्बोरेटर. एक भाग वाचला, एक गॅस्केट वाचली, गळण्याची एक जागा वाचली. याचा तोटाही तितकाच मोठा होता. त्या ओंडक्यातून जेवढी हवा जाईल तेवढीच ताकद मिळणार, मोठा कार्बोरेटर बसवायची सोयच नाही. पुढे इंजिन १७० आणि २०० घनइंचांपर्यंत वाढलं, पण अमेरिकेत हेडची ही मांडणी तशीच राहिली.

गाडी ऑक्टोबर १९५९ मध्ये आली आणि पहिल्या बारा महिन्यांत सुमारे ४ लाख १७ हजार खपल्या. याच काळात फोर्डने एडसेल हा आपला महागडा, गाजावाजा करून आणलेला ब्रँड बंद केला. तिन्ही मॉडेल-वर्षांची बेरीज करूनही एडसेल सव्वा लाखापर्यंत पोहोचली नव्हती. नोव्हेंबर १९६० मध्ये मॅकनामारा फोर्डचे अध्यक्ष झाले आणि जानेवारीत केनेडींचे संरक्षणमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले. पुढे व्हिएतनामच्या युद्धाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आणि फाल्कन लोकांच्या स्मरणातून मागे पडली.

त्यांच्यानंतर सूत्रं हलवली फोर्डचेच अधिकारी ली आयकोका यांनी. साधी गाडी भरपूर खपते, पण तिच्यात नफा फारसा सुटत नाही, आणि तरुण गिऱ्हाइकाला साधेपणाचं कौतुक नसतं, हे त्यांनी ओळखलं. १७ एप्रिल १९६४ ला मस्टँग आली. जमिनीचे पत्रे, सस्पेन्शन, स्टीअरिंग असा खालचा बराचसा मालमसाला फाल्कनचा किंवा तिच्यावर बेतलेला होता. सुरुवातीच्या सर्वांत स्वस्त मस्टँगमध्ये इंजिनसुद्धा फाल्कनचंच १७० घनइंचांचं होतं. वर लांब बॉनेट, आखूड डिकी, आणि किंमत २,३६८ डॉलर. विक्रीचं लक्ष्य काय ठेवलं होतं? फाल्कनचा पहिल्या वर्षाचा विक्रम मोडायचा. मस्टँग बारा महिन्यांत ४,१८,८१२ खपल्या, म्हणजे विक्रम जेमतेम मोडला. तेव्हा 'कपडे बदललेली फाल्कन' हे खरंच आहे, आणि त्यात मस्टँगचा काही कमीपणा नाही. तो खालचा माल स्वस्त आणि भरवशाचा नसता, तर ही किंमत ठेवता आली नसती.

घरच्याच मस्टँगने फाल्कनची गिऱ्हाइकं पळवली. १९६६ मध्ये फाल्कनला फेअरलेन या मोठ्या गाडीच्या आखूड केलेल्या सांगाड्यावर नेलं, आणि तिची स्वतंत्र ओळखच गेली. १९६९ मध्ये फोर्डचीच १,९९५ डॉलरची मॅव्हरिक आली. ती साध्या गाडीची जागा घेणार हे उघड होतं, आणि १९७० मध्ये अमेरिकेतली फाल्कन संपली.

ऑस्ट्रेलियात नेमकं उलटं झालं. १९६० मध्ये मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या कारखान्यात ती बनू लागली. अमेरिकेच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी बनवलेलं पुढचं सस्पेन्शन इथल्या खडबडीत कच्च्या रस्त्यांवर टिकेना, बॉल जॉइंट (पुढच्या चाकांना वळू देणारे सांधे) जायला लागले आणि गाडीचं नाव खराब झालं. दुसऱ्या कोणी गाडी बदलली असती. इथल्या लोकांनी तीच गाडी दर मॉडेलला मजबूत करत नेली, आणि १९६५ मध्ये यू यँग्ज इथल्या चाचणी-मार्गावर पाच गाड्या मिळून ७०,००० मैल पळवल्या, सरासरी वेग ताशी ७० मैलांच्या वर. नाव परत मिळालं. इंजिनाचंही तसंच. तो ओंडका १९७० च्या दशकात निघाला, १९७६ मध्ये क्रॉसफ्लो हेड (हवा एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर) आलं, मग अ‍ॅल्युमिनियमचं हेड, आणि २००२ मध्ये 'बारा' (Barra) नावाचं, झडपा उघडमिट करणाऱ्या दोन कॅमशाफ्टचं इंजिन. त्याची वंशावळ मागे नेत गेलात तर १४४ घनइंचांपाशीच पोहोचता. मी चालवायचो ती टॅक्सी एलपीजीवर धावायची आणि मीटरवर सहा लाख किलोमीटर कधीच उलटले होते. दिवसा एक ड्रायव्हर, रात्री मी, इंजिन थंड व्हायला सवडच नसे. पहाटे चारला गाडी धुताना ते इंजिन मंद आवाजात फिरत असायचं, आणि मला त्याच्याबद्दल खरोखर आदर वाटायचा. शेवटची फाल्कन ७ ऑक्टोबर २०१६ ला बाहेर पडली. त्या दिवशी आम्हा जुन्या टॅक्सीवाल्यांपैकी बरेच जण हळवे झाले होते.

अर्जेंटिनातही ती १९६२ ते १९९१ बनली. तिथे मात्र तिची आठवण दुखरी आहे. १९७६ ते ८३ च्या लष्करी राजवटीत माणसं उचलून नेणारी पथकं हिरव्या फाल्कनमधून येत असत, आणि त्या पिढीला आजही हिरवी फाल्कन म्हटलं की तेच आठवतं. भारतात ती कधी बनली नाही. १९२६ पासून इथे असलेल्या फोर्डने फाल्कन जन्मायच्या आधीच, १९५० च्या दशकात, गाशा गुंडाळला होता.

तुमचे भाऊ अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जाणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना १९६४-६५ ची सहा सिलिंडरवाली मस्टँग शोधायला सांगा, आणि जवळपास त्याच काळातली फाल्कन. मालकांना विनंती करून दोन्हींची बॉनेटं उघडायला लावा आणि कार्बोरेटरच्या खाली बघा. हेडलाच जोडून ओतलेला तो आडवा ओंडका दोन्हींकडे सापडेल.